दोन हजार नंबरपर्यंत घासलेलं टेबल

सुनेने फक्त थोडं तेल लावायला सांगितलं होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे सोसायटीच्या विशेष सभेत, अग्निशमन दलाच्या जवानासमोर आणि मुलुंडच्या वास्तुशांतीत नंदकिशोर टिपणीसांनी जी जी निवेदनं केली, त्यांत हे वाक्य कुठेही आलं नाही.

फोन एप्रिलच्या शेवटी आला.

"बाबा, ते शिसवी टेबल आहे ना अजून? कृणालचं?" नमिताने विचारलं.

"आहे म्हणजे? गॅलरीत आहे. त्याच्यावर तुझ्या सासूच्या कुंड्या आहेत."

"कृणालला हवंय. नव्या घरात, रोशनीच्या अभ्यासाला. तो स्वतः विचारणार नाही, तुम्हाला माहितीये. मेच्या शेवटच्या रविवारी वास्तुशांत आहे, आदल्या दिवशी मी टेम्पो पाठवते. आहे तसंच द्या हं बाबा. फार तर थोडं तेल लावा, कोरडं पडलं असेल."

टिपणीसांनी फोन ठेवला आणि ते गॅलरीत जाऊन बराच वेळ टेबलाकडे बघत उभे राहिले. कृणाल बोरिवली सोडून मुलुंडला गेला त्याला सहा वर्षं झाली होती. नकाशात बोरिवली आणि मुलुंड पाठीला पाठ लावून बसलेली आहेत. मध्ये फक्त जंगल, आणि जंगलात बिबटे. त्यामुळे जायचं तर घोडबंदरवरून वळसा घालावा लागतो, आणि हा वळसा कृणाल वर्षातून एकदा, दिवाळीत, अर्ध्या तासापुरता घालत असे. त्या अर्ध्या तासात तो आईशी गप्पा मारायचा आणि वडिलांना 'हो' आणि 'नाही' यांत मावतील एवढीच उत्तरं द्यायचा. या घरातली एकही वस्तू त्याने कधी मागितली नव्हती. आता मागितली. टेबल मुलुंडला पोचलं की मागोमाग आपलीही ये-जा सुरू होईल, असं टिपणीसांच्या मनाने घेतलं. अशी संधी पुन्हा येणार नव्हती. आणि अशा संधीला 'आहे तसंच' देणं त्यांच्या स्वभावात बसणारं नव्हतं.

स्वभावाबद्दल दोन शब्द. टिपणीसांनी एकतीस वर्षं एका कॉलेजच्या परीक्षा विभागात काढली. त्यांच्या हाताखालून गेलेल्या गुणपत्रिकेत कधी एका गुणाची चूक निघाली नाही, हे त्यांनी निरोपसमारंभात स्वतःच सांगितलं, कारण दुसरं कोणी सांगेना. जगातली प्रत्येक गोष्ट शंभरपैकी असते आणि तिच्यात वाढायला जागा असते, अशी त्यांची श्रद्धा होती. कृणाल दहावीला अठ्ठ्याऐंशी टक्के घेऊन आला तेव्हा याच टेबलापाशी उभं राहून त्यांनी विचारलं होतं, "बाकीचे बारा कुठे गेले?" पेढे वाटून झाल्यावर गमतीने विचारलं, असं ते आजही सांगतात. पेढे आधी की प्रश्न आधी, याबद्दल पत्नी इरावतीबाईंचं म्हणणं वेगळं आहे. टेबल त्यांच्या माहेरून आलेलं, त्यामुळे त्या टेबलाच्या बाजूने बोलतात.

दुसऱ्या दिवशी टिपणीस राजेशच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले.

"तेल लावायचंय ना काका? सोप्पं आहे," राजेश म्हणाला. "ऐंशी नंबरच्या पेपरने जुनं काढा, मग एकशेवीस मारा, फार तर एकशेऐंशी. बस झालं."

"त्याच्यावर काय आहे?"

"दोनशेवीस, तीनशेवीस, चारशे... नंबर जेवढा मोठा तेवढा पेपर बारीक."

"सगळ्यात वर?"

"दोन हजार. पण तो गाडीच्या रंगाला लागतो काका. लाकडाला कोण नाय वापरत."

दोन हजार उपलब्ध असताना एकशेऐंशीवर थांबायला सांगणारा माणूस टिपणीसांना प्रथमच भेटत होता. राजेशने आणखी माहिती दिली की सुतार लोक सगळ्यात गुळगुळीत पेपरला 'झीरो' म्हणतात. उत्तम वस्तूला शून्य म्हणणाऱ्या धंद्याबद्दल टिपणीसांचं मत तिथेच कायमचं झालं. त्यांनी ऐंशीपासून दोन हजारपर्यंतचे अकराच्या अकरा नंबर बांधून घेतले, आणि जवसाच्या तेलाचा एक डबा.

पहिले तीन दिवस ऐंशी नंबरचे. टेबलावर शाईचा एक मोठा डाग होता, तो गेला. चहाच्या कपाची गोल खूण होती, ती गेली. उजव्या कडेला, खणाच्या बरोबर वर, कोणीतरी कर्कटकाच्या टोकाने बारीक उभ्या रेघा ओढून ठेवल्या होत्या. कोणीतरी म्हणजे कोणी, हे उघडच होतं. शिसवी लाकडाचं नुकसान, असं मनात म्हणत टिपणीसांनी त्या सगळ्यांच्या आधी घासून काढल्या. दिसेल ते मोजणाऱ्या या माणसाने त्या मोजल्या मात्र नाहीत.

बुधवारी एकशेवीस नंबर संपत आला असताना मंजुळा आली. मंजुळा मनोरीची कोळीण. आठवड्यातून तीनदा तिची पाटी टिपणीसांच्या दारात उतरते, आणि बोंबील ताजे आहेत की नाहीत यावर इरावतीबाईंशी तिचं वीस वर्षांचं भांडण आहे. त्या दिवशी तिने पाटी ठेवली, हात पदराला पुसले आणि हॉलमध्ये आणलेल्या टेबलावरून तळवा फिरवला.

"झालं की सायेब. आता तेल लावा."

"झालं? अजून नऊ पेपर बाकी आहेत."

"नऊ?" मंजुळाने इरावतीबाईंकडे बघितलं. "माझा बाप भिकाजी मनोरीला होड्या बांधायचा. तो लाकडाला मुशी माशाचं तेल पाजायचा. हात फिरवला का जराशी खरखर लागली पायजे, तर लाकूड तेल पितं. जास्ती घासलं का त्याची तोंडं मिटतात. मग तेल वरच बसतं, चिकट चिकट."

"मंजुळाबाई, हे टेबल आहे. होडी नाही."

"लाकूडच ना पण?"

"ऐका जरा तिचं," इरावतीबाई म्हणाल्या.

टिपणीसांनी ऐकलं नाही. ते एम.कॉम. होते. मासे साफ करणाऱ्या बाईने त्यांना कुठे थांबायचं हे सांगावं, यात कुठेतरी क्रम चुकतो असं त्यांना वाटलं. मंजुळाने खांदे उडवले आणि बोंबील साफ करून देऊ का असं विचारलं. एवढ्या सगळ्या महिन्यात टिपणीसांना मिळालेला बरोबर सल्ला हाच आणि एवढाच, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. टिपणीसांच्या लक्षात तो राहिला नाही.

त्याऐवजी त्यांनी अनंतरावांचं ऐकलं. अनंतराव समोरच्या दारात राहतात. त्यांचा एक भाचा जर्मनीला असल्यामुळे जर्मन लाकूडकामाबद्दल ते अधिकाराने बोलतात.

"टिपणीस, कसोटी एकच," अनंतराव म्हणाले. "वाकून बघितलं की आपलं तोंड दिसलं पाहिजे. दिसलं तर पास."

पास हा शब्द ऐकून टिपणीसांना बरं वाटलं. ते चारशे नंबरला लागले.

आठशेला पोचले तेव्हा सोसायटीचं पत्र आलं. सेक्रेटरी देवदत्त थेट वरच्या मजल्यावर राहतात, पण बोलणं त्यांना मान्य नाही. जे काही असेल ते लेखी. 'सदनिका क्रमांक चौदामधून सकाळी सात ते रात्री नऊ या वेळेत सातत्याने खर्रखर्र असा ध्वनी येत असल्याबाबत,' असा विषय होता. टिपणीस पत्राला पत्राने उत्तर देणारे. त्यांनी लिहिलं की खर्रखर्र हे वर्णन चारशे नंबरपर्यंत लागू होतं, सध्या आठशे नंबर सुरू असून त्याचा ध्वनी सुर्रसुर्र असा आहे, तरी कृपया दप्तरी दुरुस्ती करावी.

दप्तरी दुरुस्ती झाली नाही. उलट कमिटीने ठराव केला की ज्या कामातून धूळ निघते ते नूतनीकरण, आणि नूतनीकरणाला ठरावीक अर्ज भरावा लागतो. अर्जात 'पाडावयाच्या भिंती' असा रकाना होता. टेबलाला भिंती नसतात, असं टिपणीसांनी तिथे लिहिलं. 'रकान्यात केवळ संख्या लिहावी' या शेऱ्यासह अर्ज परत आला. मग त्यांनी शून्य लिहिलं. स्वतःच्या हाताने शून्य लिहिण्याची त्यांच्यावर ही पहिलीच वेळ होती आणि त्याचा त्यांना मनस्वी त्रास झाला.

अखेर परवानगी मिळाली ती गच्चीवर काम करण्याची. चावी देवदत्तांकडे. नेताना सही, आणताना सही. टेबल लिफ्टमध्ये मावलं नाही, म्हणून वॉचमन, इस्त्रीवाला आणि टिपणीस यांनी ते चार जिने वर चढवलं. अनंतरावांनी सल्ल्याची बाजू सांभाळली. गच्चीवर देवदत्तांच्या पत्नीच्या, सुगंधाबाईंच्या कुरडया वाळत होत्या. त्यांच्यापासून दहा फूट अंतर ठेवावं अशी अट होती. वाऱ्याला ही अट कळवलेली नसावी. त्या वर्षीच्या कुरडया तळल्यावर जरा लालसर दिसतात असं बऱ्याच घरांत म्हटलं गेलं, पण त्याचं कारण टिपणीसांनी कोणाला सांगितलं नाही.

मग कचऱ्याचं झालं. लाकडाचा भुसा सुका कचरा म्हणून ते रोज पिशवीत भरून ठेवत. पण हजार नंबरपासून पुढे पाणी लावून घासायचं असतं, त्यामुळे भुशाचा चिखल झाला. कचरा नेणारा म्हणाला, हा ओला. टिपणीस म्हणाले, हा सुकाच आहे, फक्त ओला झालाय. तो म्हणाला, "मग वाळवून द्या." म्हणून टिपणीस सकाळी टेबल घासायचे आणि दुपारी चिखल वाळत घालायचे.

याच सुमारास गॅसच्या एजन्सीकडून निरोप आला, अंगठ्याचा ठसा द्यायला या. टिपणीस गेले. अंगठा लावला. मशीन म्हणालं, जुळत नाही. दुसरा अंगठा लावला, मग एकेक करून दहाही बोटं.

"काका, तुमच्या बोटांना ठसेच नाहीत," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "काय काम करता तुम्ही?"

"मी निवृत्त आहे," टिपणीस म्हणाले.

"मग गेले कुठे?"

रांगेतले लोक हसले. टिपणीस घरी आले आणि बराच वेळ दिव्याखाली अंगठा धरून बसले. अंगठाही दोन हजार नंबरसारखाच झाला होता. नंदकिशोर टिपणीस हे नंदकिशोर टिपणीस नाहीत असं मशीनचं म्हणणं आहे, हे त्यांनी इरावतीबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मी हे पहिल्या आठवड्यापासून बघतेय.

वास्तुशांतीला सहा दिवस उरले असताना दोन हजार नंबर पूर्ण झाला. टेबलावर ऊन पडलं की डोळे दिपत होते. अनंतराव वाकले, त्यांना स्वतःचं तोंड दिसलं, आणि त्यांनी तिथेच केसांवरून हात फिरवला. टिपणीसांच्या गुडघ्यांना सूज होती, उजवा खांदा वर जात नव्हता, पण इतका आनंद त्यांना गेल्या कित्येक वर्षांत झाला नव्हता. हे बघितल्यावर कृणाल काही ना काही बोलेल. 'हो' आणि 'नाही' यांत मावणार नाही असं काहीतरी नक्कीच बोलेल.

आता फक्त तेल.

डब्यावर लिहिलं होतं, तेल लावा, पंधरा मिनिटं मुरू द्या, उरलेलं पुसून काढा. टिपणीसांनी तेल लावलं. तेल वरच बसून राहिलं. पंधरा मिनिटांनी पुसलं तर सगळं फडक्यात आलं आणि टेबल होतं तसंच राहिलं, फिकट आणि चकचकीत. पुन्हा लावलं, पुन्हा फडक्यात आलं.

"लाकूड तृप्त आहे," अनंतराव म्हणाले.

पण एक गोष्ट टिपणीसांना खटकली. टेबलाचा मागचा एक पाय आतून घासायचा राहून गेला होता. तिथे ऐंशी नंबरच्या पुढे हातच पोचला नव्हता. त्या पायावर तेलाचे चार ओघळ गेले होते आणि तेवढ्या भागाने तेल आत घेतलं होतं. लाकूड तिथे गडद झालं होतं, आत रेषा दिसत होत्या, चांगल्या मुरलेल्या आमसुलासारखा रंग आला होता. टेबल कसं दिसायला हवं होतं ते त्या वीतभर जागेत स्पष्ट दिसत होतं. दुसऱ्या कोणीही तिथे थांबून विचार केला असता. टिपणीसांनी निष्कर्ष काढला की हा पाय मागे राहिला आहे. ते गच्चीवर उताणे झोपले आणि त्यांनी तो पायही दोन हजारपर्यंत नेला.

उरलेल्या टेबलासाठी त्यांनी वेगळा उपाय केला. पंधरा मिनिटांत जे मुरत नाही ते पंधरा तासांत मुरेल. न पुसता तीन हात लावले. आतापर्यंतची तेलकट फडकी बोळा करून प्लॅस्टिकच्या बादलीत कोंबली, बादली उन्हात ठेवली, आणि चावी देऊन, सही करून ते जेवायला खाली आले.

जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून ठेवली की आपोआप तापतात आणि पेटतात, हे डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. आयुष्यभर बारीक अक्षरांवर पोसलेल्या माणसाने तेवढंच वाचलं नव्हतं. भात कालवत असताना वरून सुगंधाबाईंची किंकाळी आली.

पुढचं सविस्तर सांगण्यात अर्थ नाही. बादली वितळली, टाकीच्या झाकणाची एक बाजू काळी झाली, कुरडया वाचल्या. अग्निशमन दलाची मोठी लाल गाडी आत येताना सोसायटीच्या नावाची पाटी घेऊन आली. दोन बादल्या पाण्याचं ते काम होतं. जवान हसून म्हणाला, "साहेब, तेलाचं फडकं पसरून वाळत घालायचं असतं, कपड्यासारखं." पन्नास माणसं जमली होती. नोटीस बोर्डावर टिपणीसांचं नाव लागलं आणि त्यांना विशेष सभेत खुलासा करावा लागला. त्यांनी खुलाशात अकराही नंबरांची यादी वाचून दाखवली. देवदत्तांनी विचारलं, याचा आगीशी संबंध काय? टिपणीस म्हणाले, "कामाच्या दर्जाची कल्पना यावी म्हणून." सभेत कोणीतरी टाळी वाजवली, पण ती कशासाठी होती हे टिपणीसांना कळलं आणि ते खाली बसले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

टेबल वाचलं होतं, एवढ्यावर त्यांनी धीर धरला. शनिवारी टेम्पो आला. टेबल चादरीत गुंडाळलं. मुलुंडला चादर काढायला गेले तेव्हा ती निघेना, असं नमिताने रात्री फोनवर सांगितलं. टिपणीस म्हणाले, अजून मुरतंय.

रविवारी टिपणीस पतीपत्नी घोडबंदरचा वळसा घालून मुलुंडला पोचले. घर छान होतं. टेबल रोशनीच्या खोलीत खिडकीखाली मांडलं होतं आणि त्याच्यावर तिच्या चित्राच्या कागदाची अर्धी फाटलेली सूर्यफुलं कायमची चिकटलेली होती. गुरुजींनी पूजेच्या गडबडीत आपलं उपरणं तिथे ठेवलं आणि उचलताना त्याची किनार टेबलाने ठेवून घेतली. प्रसादाच्या द्रोणांचंही तेच झालं. टिपणीस मात्र दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "हात फिरवून बघा. दोन हजार नंबर आहे." लोक हात ठेवत. हात फिरत नसे. लोक ओशाळून हसत आणि बाथरूम कुठे आहे असं विचारत.

टिपणीसांना हे दिसत नव्हतं असं नाही. ते फक्त कृणालची वाट बघत होते.

पाहुणे जेवायला बसले तेव्हा कृणाल खोलीत आला. त्याच्या हाताला धरून रोशनी होती. ती दुसरीतून तिसरीत गेली होती, आणि वार्षिक परीक्षेत गणितात कमी पडले म्हणून महिनाभर रडत होती, असं इरावतीबाईंनी वाटेत सांगितलं होतं. कृणाल टेबलाशी वाकला. कृणालने वरच्या फळीकडे बघितलंही नाही. तो उजव्या कडेला, खणाच्या वर, बोट फिरवत राहिला.

"इथे रेघा होत्या," तो म्हणाला.

"त्या रेघोट्या ना? पहिल्याच दिवशी काढल्या," टिपणीस उत्साहाने म्हणाले. "बघ, एक तरी राहिलीये का!"

"बारा होत्या, बाबा."

टिपणीसांनी वाकून कड बघितली.

"निकालाच्या दिवशी ओढल्या होत्या मी," कृणाल म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "रोशनीला सांगितलं होतं, तुझ्या बाबाचे पण बारा मार्क गेले होते. कुठे गेले माहितीये? आजोबांकडच्या टेबलावर आहेत. टेबल आलं की आपण मोजू. आजोबा येतील, त्यांना पण दाखवू, म्हटलं. हसू सगळे."

रोशनीने तोवर टेबलाची उजवी कड बघितली होती, मग डावी, मग खाली बसून आतून. तिच्या फ्रॉकची बाही एका जागी चिकटली ती तिने ओढून सोडवली. मग ती आजोबांच्या समोर येऊन उभी राहिली आणि तिने अगदी सरळ विचारलं, "आजोबा, बारा कुठे गेले?"

हा प्रश्न टिपणीसांनी आयुष्यात हजारो लोकांना विचारला होता. बाहेरून नमिताने जेवायला हाक मारली. कृणाल म्हणाला, "चल रोशनी, बासुंदी आहे," आणि दोघं गेले. टिपणीस तिथेच उभे राहिले. टेकायला म्हणून त्यांनी टेबलावर हात ठेवला आणि तो सोडवायला त्यांना थोडा वेळ लागला. परतीचा वळसा सुरू झाला. इरावतीबाई बोलल्या नाहीत, आणि त्या बोलत नाहीत याचा अर्थ टिपणीसांना बेचाळीस वर्षांच्या संसारात चांगला ठाऊक होता.

पंधरा दिवसांनी टिपणीसांच्या फोनवर कृणालचा मेसेज आला. नमिताचा नाही, कृणालचा. टिपणीसांनी चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला. टेबलाचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'वरचं सगळं काढून पुन्हा केलं. एकशेवीसवर थांबलो आणि तेल लावलं. आईने सांगितलं, मंजुळामावशी तसंच म्हणाली होती.'

टेबल गडद झालं होतं. लाकडातल्या रेषा आतून वर आल्या होत्या. त्या मागच्या पायावर वीतभर दिसला होता तोच रंग आता सगळीकडे होता. टिपणीसांचे डोळे भरून आले, हे लपवण्यात अर्थ नाही. इरावतीबाई शेजारी येऊन बसल्या आणि त्याही बघत राहिल्या.

"लिहा काहीतरी," त्या म्हणाल्या. "त्याने स्वतः पाठवलंय."

टिपणीसांनी लिहिलं, 'छान झालंय.' कृणालच्या चाळीशीपर्यंत हे दोन शब्द त्यांच्या हातून त्याच्यासाठी कधी गेले नव्हते. पाठवण्याआधी त्यांनी फोटो एकदा बोटांनी मोठा केला आणि सरकवत सरकवत उजव्या कडेला, खणाच्या वर आणला. तिथे काही नव्हतं. आता कुठून असणार. ते जवळून बघत राहिले, आणखी मोठा करून बघत राहिले, आणि तिथे, कडेच्या वळणावर, एकशेवीसचे आडवे ओरखडे राहून गेलेले त्यांना दिसले.

"पाठवलंत?" इरावतीबाईंनी विचारलं.

"पाठवतो."

त्यांनी पुढे लिहिलं, 'फक्त कडा थोड्या राहिल्यात.' आणि पाठवलं.

दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. वर, कृणाल काहीतरी लिहितोय असं दिसलं. थोडा वेळ दिसत राहिलं, मग दिसेनासं झालं.

इरावतीबाईंनी फोन हातात घेतला, वाचलं, आणि तो टीपॉयवर उपडा ठेवला. दारात मंजुळाने हाक दिली तशा त्या उठून गेल्या. टिपणीसांनी फोन पुन्हा सुलटा केला आणि समोर धरून ते बसून राहिले.